भूकंपाचे धक्के : त्यांचा क्रम व त्यांची मोजदाद

काल रात्रीं तीन वेळां जमीन हालली. आज घरांत निजावें कीं अंगणांत बाज टाकावी, हा प्रश्न कोयनाकांठच्या, डहाणू-तलासरीकडील किंवा हिंगोली-नांदेडच्या बाजूच्या शेतकऱ्यास आतां नवा राहिलेला नाहीं. प्रश्न दिसावयास साधा, परंतु त्याचें उत्तर देतांना मोठमोठ्या भूकंपशास्त्रज्ञांची मति कुंठित झालेली आहे. इतकेंच नव्हे, तर इटली देशांत या एका उत्तरापायीं विद्वानांवर फौजदारी खटला भरला गेला. तेव्हां भूकंप एकटादुकटा न येतां रांगेनें येऊं लागले म्हणजे त्या रांगेपासून काय समजतें व काय समजत नाहीं, हें आमच्या शेतकरी बंधूंपुढें मांडावें असें आम्हांस पुष्कळ दिवस वाटत होतें. आम्ही कांहीं शास्त्री नव्हे; आमची हयात कचेरींत आकड्यांचे रकाने भरण्यांत गेली. पण या शास्त्राचा पायाही रकाने भरण्यावरच उभा आहे, ही गोष्ट पुस्तकें चाळतां चाळतां आमच्या ध्यानांत आली, म्हणून हें धाडस.

सन १९९३ च्या सप्टेंबरांत आमची नोकरी लातूर जिल्ह्यांत होती. अनंत चतुर्दशीचें विसर्जन आटोपून लोक निजले होते आणि ता. ३० रोजीं पहाटें चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी व आसपासचीं गांवें जमीनदोस्त झालीं. रिश्टर मापाप्रमाणें हा भूकंप ६.२ प्रतीचा होता. सुमारें आठ हजार माणसें मेलीं. पुढें कित्येक आठवडे पंचनाम्याचे कागद लिहितांना एक वाक्य आम्हांस पुन्हां पुन्हां लिहावें लागलें : ‘मागील सालीं दसऱ्या-दिवाळीच्या दिवसांतही जमीन हालली होती.’ आणि तें खरें होतें. ऑक्टोबर १९९२ मध्यें किल्लारीस लहान धक्क्यांची एक रांग येऊन गेली होती. लोक घाबरले, कांहीं दिवस बाहेर निजले, मग धक्के विरळ झाले आणि सारे आपापल्या माळवदाखालीं परत गेले. जबानी देतांना एका म्हाताऱ्यानें आम्हांस विचारलें, “भाऊसाहेब, तवा जमीन आमाला सांगत हुती काय?” त्या वेळीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. आजही पुरतें देतां येतें असें नाहीं, पण प्रश्न कोठें अडतो तें तरी दाखवितां येतें.

भूकंपांच्या रांगा तीन तऱ्हेच्या असतात. पहिल्या तऱ्हेंत अगोदर कांहीं एक सूचना न होतां मुख्य धक्का बसतो आणि मागाहून लहान धक्के येत राहतात. त्यांस पश्चात्-धक्के म्हणतात. दुसऱ्या तऱ्हेंत मुख्य धक्क्याच्या आधीं लहान धक्के येतात, ते पूर्वधक्के. तिसऱ्या तऱ्हेंत मुख्य असा धक्का मुळीं नसतोच. जवळजवळ सारख्या मापाचे लहान धक्के शेंकड्यांनीं, कधीं हजारांनीं, महिनोन्महिने येतात व हळूहळू थांबतात. हिला पुस्तकांत भूकंपमालिका म्हणतात. आम्ही तिला झड म्हणूं, कारण श्रावणांतल्या झडीप्रमाणेंच ती मोठा पूर न आणतांही माणसास जेर करिते. जपानचे मोगी नांवाचे शास्त्रज्ञ यांनीं दगडाचे तुकडे यंत्रांत दाबून फोडून पाहिले व १९६३ सालीं हा भेद मांडला. एकजिनसी दगड एकदम फुटतो. कमीअधिक कच्चा-पक्का असेल तर आधीं करकरतो व मग फुटतो. आणि आधींच चिराळलेला असेल तर नुसताच करकरत राहतो. बाभळीचा गांठाळ ओंडका व सागाचें सरळ लांकूड फोडतांना कुऱ्हाडीखालीं जो फरक हातास लागतो, तसाच हा प्रकार.

येथवर सर्व सुबोध आहे. अडचण ही कीं पूर्वधक्क्याच्या अंगावर ‘पूर्वधक्का’ असा शिक्का मारलेला नसतो. मोठा धक्का आला म्हणजे आधींचे लहान ते पूर्वधक्के ठरतात. न आला तर तीच झड ठरते. नांव मागाहून पडतें. पीक खळ्यावर आल्यावर आणेवारी काढणें आणि पेरणीच्या दिवशीं ती सांगणें, यांत जेवढें अंतर तेवढेंच येथें आहे.

तरीही मोजदाद व्यर्थ गेलेली नाहीं. तिच्यांतून दोन नियम हातीं लागले आहेत व ते दोन्ही कोणाही हिशेबी माणसास समजण्यासारखे आहेत.

पहिला नियम जपानी आहे. सन १८९१ च्या ऑक्टोबरांत जपानांतील नोबी मैदानांत मोठा भूकंप होऊन सात हजारांवर माणसें मेलीं. फुसाकिची ओमोरी या तरुण शास्त्रज्ञानें त्यानंतरचे लहान धक्के दिवसवार मांडले व १८९४ मध्यें दाखवून दिलें कीं, त्यांची संख्या एका ठराविक रीतीनें घटते : जितके दिवस लोटले तितक्यांनीं पहिल्या दिवसाच्या संख्येस भागावें. समजा, पहिल्या दिवशीं शंभर धक्के बसले; तर दुसऱ्या दिवशीं सुमारें पन्नास, दहाव्या दिवशीं दहा व शंभराव्या दिवशीं एक. प्रथम भराभर कमी होतात, पण शेपूट फार लांब. नोबीच्या धक्क्यांची शेपटी शंभर वर्षांनंतरही यंत्रांवर उमटत होती. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हा नियम धक्क्यांच्या संख्येचा आहे, जोराचा नाहीं. दहाव्या दिवशीं धक्के थोडे असतील, पण त्यांतला एखादा पहिल्या दिवसाच्या पश्चात्-धक्क्याइतका दांडगा असूं शकतो. तडे गेलेल्या घरांतलें धान्य काढण्यास चौथ्या-पांचव्या दिवशीं आंत शिरणाऱ्यांनीं हें विसरूं नये.

दुसरा नियम अमेरिकेंतील गुटेनबर्ग व रिश्टर यांनीं १९४४ सालीं मांडला. कोणत्याही मुलुखांत एक पायरी लहान प्रतीचे धक्के मोजले, तर ते सुमारें दहापट भरतात. म्हणजे सहा प्रतीचा एक, तर पांच प्रतीचे दहा, चार प्रतीचे शंभर, तीन प्रतीचे हजार. आपल्या पर्जन्याच्या नोंदवहींतही भुरभुर पुष्कळ दिवस व ढगफुटी क्वचित् एखादे दिवशीं, असेंच दिसून येतें.

या दुसऱ्या नियमाचा एक उपयोग आम्ही विशेष आग्रहानें सांगूं इच्छितों, कारण ‘लहान लहान धक्के येऊन गेले हें बरें झालें, जमिनीचा जोर निघून गेला’ असें पारावर बसलेला प्रत्येक शहाणा सांगतो. हिशेब करून पाहावा. एक पायरी चढली म्हणजे भूकंपाची शक्ति सुमारें बत्तीसपट होते. दोन पायऱ्या चढल्या म्हणजे बत्तीस गुणिले बत्तीस, अर्थात् सुमारें हजारपट. तेव्हां सहा प्रतीच्या एका धक्क्याचा जोर चार प्रतीच्या धक्क्यांनीं निघून जावयाचा तर तसे हजार धक्के बसले पाहिजेत. आणि वर पाहिलें त्याप्रमाणें निसर्ग देतो ते शंभरच. दोन प्रतीच्या धक्क्यांनीं तें काम व्हावयाचें तर दहा लाख लागतील. सारांश, चिल्लर देऊन हें कर्ज फिटत नाहीं.

इटलींतील प्रकरण याच गैरसमजुतीवरून घडलें. लाक्विला या जुन्या शहरास सन २००९ च्या आरंभापासून धक्के बसत होते. तेथील लोकांची जुनी वहिवाट अशी कीं, धक्का जाणवला म्हणजे रात्र बाहेर काढावयाची. मार्चअखेर सरकारनें तज्ज्ञांची बैठक भरविली. आणि त्याच सुमारास एका अधिकाऱ्यानें मुलाखतींत सांगितलें कीं, लहान धक्क्यांवाटे शक्ति बाहेर पडत आहे, हें चांगलेंच आहे. ६ एप्रिल रोजीं ६.३ प्रतीचा भूकंप होऊन ३०९ माणसें दगावलीं. मेलेल्यांच्या आप्तांचें म्हणणें हेंच कीं, आमचीं माणसें एऱ्हवीं बाहेर निजलीं असतीं, ती त्या दिलाशामुळें घरांत राहिलीं. सन २०१२ मध्यें सहा शास्त्रज्ञ व तो अधिकारी यांस सहा सहा वर्षांची सजा झाली. २०१४ सालीं अपिलांत सहाही शास्त्रज्ञ निर्दोष ठरले, व अधिकाऱ्याची सजा कमी होऊन कायम राहिली. शास्त्रज्ञांस भाकित करतां आलें नाहीं म्हणून तुरुंग दाखविणें हें आम्हांस कधींच पटलें नाहीं. परंतु ‘आम्हांस ठाऊक नाहीं’ असें सांगण्याऐवजीं ‘भिऊं नका’ असें सांगणें हा निराळा गुन्हा आहे, आणि तो कचेऱ्यांतून आम्हीं पुष्कळ वेळां पाहिलेला आहे.

उलट बाजूचें उदाहरण चीनचें. १९७५ च्या फेब्रुवारींत हाइचेंग येथें चार दिवसांत शेंकडों लहान धक्के बसले व एकाएकीं वाढले. अंमलदारांनीं लोकांस कडाक्याच्या थंडींत घराबाहेर काढलें, आणि ता. ४ रोजीं ७.३ प्रतीचा भूकंप झाला. घरें पडलीं, पण असंख्य जीव वांचले. सगळ्या जगानें म्हटलें कीं आतां भूकंपाची किल्ली सांपडली. पुढल्याच वर्षीं, २८ जुलै १९७६ रोजीं, तांगशान शहर भल्या पहाटें कोसळलें आणि सरकारी गणतीप्रमाणेंच दोन लक्ष बेचाळीस हजारांवर माणसें गेलीं. तेथें ध्यानांत यावे असे पूर्वधक्के झालेच नव्हते. जगांतील नोंदी एकत्र करून पाहतां, एखादा धक्का बसल्यावर थोड्याच दिवसांत व जवळच त्याहून मोठा धक्का येण्याचा संभव शेंकडा पांचांच्या आसपास निघतो. शंभरांतून पंचाण्णव वेळां बाहेर निजणारा थंडींत उगीच कुडकुडतो.

आतां झडीकडे वळूं. तिचा सर्वांत प्रसिद्ध दाखला जपानांतील मात्सुशिरो या गांवचा. १९६५ च्या ऑगस्टांत तेथें धक्के सुरू झाले. पांच वर्षांत यंत्रांनीं सात लक्षांवर धक्के टिपले व त्यांपैकीं साठ हजारांवर माणसांस जाणवले. सर्वांत मोठा मात्र ५.४ प्रतीचाच. मध्यंतरीं जमिनीस भेगा पडून इतकें पाणी वर आलें कीं डोंगराची कड घसरली. खोल खडकांत दाबलेलें पाणी चिरांतून वर चढत होतें व चिरांस वंगण दिल्याप्रमाणें त्या सरकत होत्या, असा त्याचा उलगडा करण्यांत आला आहे.

आपल्याकडे डहाणू व तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून अशीच झड लागली. धुंदलवाडीच्या परिसरांत हजारों धक्के टिपले गेले. बहुतेक अगदीं लहान, मोठे ते चार प्रतीच्या आसपास. केंद्र उथळ असल्यामुळें हादऱ्याबरोबर तोफेसारखा आवाज होई. लोकांनीं तंबूंत रात्री काढल्या. १ फेब्रुवारी २०१९ रोजीं धक्क्यानें भेदरून घराबाहेर पळतांना एक तान्ही म्हणावी अशी मुलगी पडून मरण पावली. मोठा भूकंप झाला नाहीं, तरी झडीनें असा बळी घेतला. पावसाळ्यानंतर धक्क्यांस जोर चढतो काय, हें तेथील अभ्यासकांनीं तपासलें असून मुरलेल्या पाण्याशीं त्यांचा संबंध असावा असें कित्येकांचें मत आहे. हिंगोलीकडे कित्येक वर्षें जमिनींतून आवाज येत असल्याच्या तक्रारी होत्या. २१ मार्च २०२४ रोजीं सकाळीं दहा मिनिटांच्या अंतरानें ४.५ व ३.६ प्रतीचे दोन धक्के बसले, व १० जुलै रोजीं पुन्हां ४.५ प्रतीचा बसला.

पाण्याचा हा संबंध आमच्या वाचकांस अधिक जिव्हाळ्याचा, म्हणून त्याविषयीं थोडें विस्तारानें लिहितों. अमेरिकेंत डेन्व्हर शहराजवळ लष्कराच्या एका कारखान्यानें आपलें दूषित पाणी साडेतीन किलोमीटरांहून खोल अशा एका विंधनविहिरींत १९६२ सालापासून दाबून सोडावयास आरंभ केला. दुसऱ्याच महिन्यापासून, जेथें भूकंपाचें नांव नव्हतें, तेथें धक्के बसूं लागले. एका भूगर्भतज्ज्ञानें १९६५ सालीं महिनावार सोडलेलें पाणी व महिनावार बसलेले धक्के हे दोन तक्ते एकाखालीं एक मांडून दाखविले. तेवढ्यावर पुढील वर्षीं पाणी सोडणें बंद झालें. मौज अशी कीं सर्वांत मोठे धक्के बंद केल्यावर, १९६७ मध्यें बसले. कारण पाण्याचा दाब खडकांतून हळूहळू पसरत जातो. यावरून आमच्या शेतांतल्या दोन-चारशें फुटांच्या विंधनविहिरींवर कोणी आळ घेऊं नये. भूकंपाचें केंद्र कित्येक किलोमीटर खालीं असतें. तेथवर आमच्या विहिरींचा हात पोंचत नाहीं.

कोयनेची गोष्ट मात्र तशी नव्हे. शिवाजीसागरांत १९६२ च्या सुमारास पाणी सांठूं लागलें आणि लौकरच आसपासच्या गांवांस गडगडाट व धक्के जाणवूं लागले. दख्खनचें पठार म्हणजे अढळ, ही तोंवरची समजूत. १३ सप्टेंबर १९६७ रोजीं पांच प्रतीहून मोठा धक्का बसला, आणि ११ डिसेंबरच्या पहाटें ४ वाजून २१ मिनिटांनीं ६.३ प्रतीचा भूकंप होऊन कोयनानगर उध्वस्त झालें. सुमारें १८० माणसें मेलीं. धरणांच्या पाण्यामुळें झालेल्या भूकंपांत आजवर याहून मोठा नोंदलेला नाहीं. डॉ. हर्ष गुप्ता व त्यांचे सहकारी यांनीं या धक्क्यांची रांग इतर ठिकाणच्या रांगांशीं ताडून पाहिली. त्यांस असें आढळलें कीं, धरणाजवळच्या भूकंपांत पूर्वधक्के पुष्कळ असतात, लहानांचें मोठ्यांशीं प्रमाण नेहमींपेक्षां अधिक असतें, पश्चात्-धक्क्यांतला सर्वांत मोठा धक्का मुख्य धक्क्याच्या बराच जवळ पोंचतो, आणि त्यांची ओहोटी फार सावकाश होते. म्हणजे रांगेच्या चालीवरून तिचें कूळ ओळखतां येतें.

कोयनेच्या धक्क्यांस पावसाळ्याचा हंगामही आहे. पाणी चढल्यानंतर, ऑगस्ट-सप्टेंबरांत, एकदां भरती येते, व दुसरी डिसेंबराच्या सुमारास. पाणी किती उंच चढलें एवढेंच नव्हे, तर तें किती झपाट्यानें चढलें, पूर्वींची सर्वोच्च पातळी ओलांडली काय आणि भरलेलें किती दिवस राहिलें, यांवरही धक्क्यांचा जोर अवलंबून असतो असें दिसून आलें आहे. दक्षिणेस वारणेचें धरण १९८५ पासून भरूं लागल्यावर धक्क्यांची वस्तीही त्या बाजूस सरकली. १९९३-९४ च्या हिवाळ्यांत तेथें पांच प्रतीचे धक्के बसले. आजवर या टापूंत पांच प्रतीचे व त्याहून मोठे वीसांवर, व चार प्रतीचे सुमारें दोनशें धक्के झाले आहेत. आणि टापू केवढा, तर सुमारें तीस किलोमीटर लांब व वीस रुंद. जगांत इतक्या लहान जागेंत इतकीं वर्षें एकसारखी रांग क्वचितच चालली असेल. म्हणूनच भारत सरकारनें कऱ्हाड येथें संशोधनसंस्था उभारून गोठणे येथें तीन किलोमीटर खोल भोंक पाडलें. वरचा सुमारें सव्वा किलोमीटर काळा पत्थर, खालीं ग्रॅनाइट. शिवाय आसपासच्या एकवीस विंधनविहिरींतील पाण्याची पातळी मोजण्यांत येते, व कांहीं धक्क्यांच्या वेळीं ती कांहीं सेंटिमीटरांनीं हालल्याचें दिसलें आहे.

आतां बाजेचा प्रश्न. शेंकडा पांच हा आंकडा सर्वांस एक, पण त्याचा अर्थ प्रत्येकाच्या छपराप्रमाणें निराळा. किल्लारीस आम्हीं जीं घरें पाहिलीं त्यांच्या भिंती अडीच-तीन फूट रुंद, दगड चिखलांत बसविलेले, आंतली व बाहेरची थर एकमेकांस न बांधलेली. आणि वर वर्षानुवर्षें माती चढवून हातभर जाड झालेलें माळवद. भिंतीच्या दोन थरा फांकल्या आणि माळवद खालीं आलें. त्याच गांवांत कुडाचीं व पत्र्याचीं झोंपडीं उभीं होतीं. ज्याचें घर कुडाचें त्यानें लहान धक्क्यानंतर घरांत निजण्यास हरकत नाहीं. जड माळवदाखालच्यानें मात्र पहिले आठ-दहा दिवस बाहेर काढावे, थंडी सोसावी. आणि धक्के थांबले म्हणजे ते दिवस विसरून न जातां माळवदावरची वर्षांवर्षांची माती उतरवावी, भिंतींत दर दोन-तीन हातांवर आरपार जाणारा लांब दगड घालावा, व दारांच्या डोईवर सर्व भिंतींस वेढणारा एक अखंड पट्टा, काँक्रीटचा किंवा निदान लांकडाचा, बांधावा. किल्लारीस १९९२ च्या दिवाळीपासून १९९३ च्या अनंत चतुर्दशीपर्यंत या कामास अकरा महिने मिळाले होते.

नोंदीविषयीं शेवटचें. यंत्रें सर्वत्र नाहींत, व गांवांत काय जाणवलें तें यंत्रास कळत नाहीं. दिल्लीचें राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र लोकांकडूनही अशी माहिती मागवितें. गांवांत एकानें वही घालावी व तींत हे रकाने आंखावे : तारीख, घड्याळाची वेळ, मिनिटासकट, धक्का किती सेकंद वाटला, आवाज आधीं कीं बरोबर, भांडीं वाजलीं, माती गळली कीं तडा गेला, निजलेले जागे झाले काय, आणि विहिरीचें पाणी काठापासून किती हात. कांहीं न झाल्यास त्या दिवसापुढें ‘निरंक’ लिहावें. मोकळी जागा सोडूं नये. मोकळ्या जागेवरून धक्का बसला नाहीं कीं लिहिणारा परगांवीं गेला होता, हें मागाहून कोणासही सांगतां येत नाहीं.